किल्ल्याला छप्पर नसते

वसईच्या किल्ल्यात पहाटे फिरायला येणाऱ्या आम्हा पेन्शनरांची एक जुनी मंडळी आहे. भूदरवाजातून आत शिरायचे, पडक्या चर्चच्या भिंतींना वळसा घालायचा, चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी हात जोडायचे, बंदर दरवाजाजवळ खाडीचा वारा खायचा आणि आपापल्या घरी चहाला परतायचे, असा आमचा नेम. या नेमात एके दिवशी सकाळी डोक्यावर घूंऽऽ असा आवाज आला. पाहतो तो चार पंख्यांचा एक कोळी हवेत तरंगतो आहे! लग्नाआधीची छायाचित्रे काढून घेण्यासाठी एक जोडपे आले होते आणि त्यांचा छायाचित्रकार तटावर उभा राहून ते ड्रोन उडवीत होता.

आमच्यातले पाचूबंदरचे नाना कोळी म्हणाले, "दगड मारला तर पडंल काय वो हे?"

मंडळी हसली. पण एक जण हसले नाहीत. ते आमचे सुभेदार. सैन्याच्या विमानविरोधी तोफखान्यात त्यांची उभी नोकरी झालेली. ते वर पाहत शांतपणे म्हणाले, "नाना, दगडाने पडणार नाही, हे खरे. पण तोफेनेही वाटते तितके सहज पडत नाही!"

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. कारण नेमका तोच प्रश्न माझ्या घरात आधीपासून ठाण मांडून बसला होता.

सूनबाईंचा प्रश्न

माझा मुलगा व्यापारी जहाजावर इंजिनियर आहे. २०२३ सालच्या डिसेंबरात तो तेलवाहू जहाजावर अरबी समुद्रात होता. २३ डिसेंबरला बातमी आली, की गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर 'केम प्लूटो' नावाच्या रसायनवाहू जहाजावर ड्रोन येऊन आदळले आणि आग लागली. जहाजावर वीसएक भारतीय होते. सुदैवाने कोणी दगावले नाही. तटरक्षक दलाच्या 'विक्रम' या नौकेच्या सोबतीने ते जहाज २५ तारखेला मुंबईच्या बंदरात येऊन थांबले. ड्रोन इराणमधून सोडले गेले, असे अमेरिकेने म्हटले. इराणने ते नाकारले.

आमच्या मुलाचे जहाज ते नव्हते. पण त्याचा संदेश येईपर्यंतचे सात तास आमच्या घरात कोणी जेवले नाही. अखेर संदेश आला, "सुखरूप आहे." सूनबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "बाबा, देशाजवळ एवढाली क्षेपणास्त्रे आहेत, युद्धनौका आहेत. मग एवढेसे ड्रोन का नाही अडवता येत?"

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवले. पण त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. "बघून सांगतो," एवढेच म्हणालो. ते बघणे पुढे दोन वर्षे चालले. जे सापडले ते आज दिवाळीच्या फराळासोबत वाचकांपुढे ठेवतो आहे. चकलीसारखे कुरकुरीत नसेल, पण पोटभरीचे आहे.

काळे कागद आणि भोंगा

माझी हवाई हल्ल्याची कल्पना १९७१ सालची. तेव्हा आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो आणि मी दहा वर्षांचा होतो. डिसेंबरात युद्ध पेटले, तशी वडिलांनी खिडक्यांच्या काचांवर खळ लावून काळे कागद चिकटवले. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असे. भोंगा वाजला की दिवे बंद, रेडिओ बारीक आणि आम्ही पोरे आईच्या पदरात. शत्रू म्हणजे विमान, विमान म्हणजे वैमानिक, आणि वैमानिकाला खालचे दिवे दिसले नाहीत की त्याचा नेम चुकणार, असे ते सरळ गणित होते.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली. महाराष्ट्रातील सोळा ठिकाणांच्या यादीत पहिल्या वर्गात मुंबई, उरण आणि आमच्याच पालघर जिल्ह्यातले तारापूर होते. देशातले पहिले अणुवीजकेंद्र १९६९ पासून तेथे उभे आहे. दूरदर्शनवर भोंगे ऐकताना मला गिरगाव आठवले. आमच्या भागात दिवे जाणे ही काही नवलाई नाही. "आपली तालीम बाराही महिने चालू असते," अशी कोटी शेजारच्या कार्मेल मावशींनी केलीच. परंतु दिवे बंद करून ज्याला फसवायचे तो वैमानिक आता विमानात नसतोच, हे मला सुभेदारांनी समजावून दिले. उपग्रहाच्या खुणांवर चालणाऱ्या ड्रोनला खिडकीतल्या उजेडाची गरज पडत नाही. दिवे मालवण्याचा उपयोग संपला असे नव्हे. पण तो पूर्वीइतका राहिला नाही.

आधी दिसले पाहिजे

हवाई संरक्षणाची पहिली पायरी म्हणजे येणाऱ्याला पाहणे. ते काम रडारचे. रडार रेडिओलहरी सोडते आणि त्यांचा पडसाद ऐकते. डोंगरापुढे हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसेच हे. अडचण अशी, की पृथ्वी गोल आहे आणि रडारच्या लहरी बहुतांशी सरळ जातात. तीस मीटर उंचीवर बसवलेल्या रडारला दहा किलोमीटर उंचावरून येणारे लढाऊ विमान चारशे किलोमीटरवरूनही दिसू शकते. पण तेच रडार पन्नास मीटर उंचीवरून सरपटत येणाऱ्या ड्रोनला सपाट समुद्रावरही पन्नासएक किलोमीटरच्या आतच पाहू शकते. मध्ये टेकडी, इमारती, झाडे असली तर त्याहून कितीतरी जवळ. ताशी १८० किलोमीटर वेगाने येणारे ड्रोन दहा किलोमीटरवर दिसले, तर हाती उरतात तीन-साडेतीन मिनिटे. तेवढ्यात आमच्या घरी चहाला आधणही येत नाही!

दुसरी अडचण आकाराची. ड्रोनचे अंग पुष्कळदा प्लॅस्टिकचे नाहीतर हलक्या तंतूंचे. त्यावरून पडसाद येतो तो क्षीण. तिसरी अडचण मोठी गमतीची आहे. पक्षी, ढग, हलणारी झाडे यांनी पडदा भरून जाऊ नये, म्हणून सावकाश हलणाऱ्या वस्तू वगळाव्यात, अशी सोय रडारमध्ये केलेली असते. ड्रोन नेमके त्या सोयीचा फायदा घेते. चोर गोसाव्याच्या वेषात आला, तर रामोशी त्याला नमस्कार करतो, तसा प्रकार. वगळणे कमी करावे, तर प्रत्येक घारीवर तोफ रोखावी लागते.

मग पाडले पाहिजे

सुभेदारांनी आपले आयुष्य ज्या तोफेवर काढले ती एल-७०. तोंड चाळीस मिलिमीटरचे, मूळ घडण स्वीडनच्या बोफोर्सची. जुनी म्हणून कोणी नाके मुरडली असतील, पण नवे डोळे आणि नवी यंत्रणा बसवल्यावर २०२५ च्या मे महिन्यात याच तोफांनी मोठी कामगिरी बजावली. त्या महिन्यातल्या ८ आणि ९ तारखांमधल्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन आले, असे सरकारी निवेदनात सांगितले गेले. आपले हवाई संरक्षण कोठे व कसे आहे हे चाचपून पाहण्याचाही त्यांत हेतू असावा, असेही त्यात म्हटले होते. पुष्कळशी ड्रोन तोफांनी आणि रेडिओच्या अडथळ्यांनी पाडली गेली.

"मग अडचण कोठे आहे?" मी विचारले.

सुभेदारांनी काठीने वाळूत एक वर्तुळ काढले. "ही माझी तोफ. हिचा मारा समजा चार किलोमीटर. येणारे ड्रोन सेकंदाला पन्नास मीटर चालते. म्हणजे मला मिळाले ऐंशी सेकंद. एक असेल तर पुरेत. चार दिशांनी आठ आले तर? आणि हे वर्तुळ उचलून मी तुमच्या घरावर आणले, तर तारापूर उघडे पडते. तारापूरला नेले, तर बंदर उघडे पडते."

मास्तर असूनही हे गणित मी त्यांच्याकडून शिकलो. शत्रूला एक जागा निवडायची असते. रक्षकाला सगळ्याच जागा राखायच्या असतात.

तोफेखेरीज आणखी तीन उपाय आहेत. पहिला, ड्रोन आणि त्याचा चालक यांच्यातला रेडिओचा धागा तोडणे. याला जॅमिंग म्हणतात. हा उपाय स्वस्त आणि चांगला. परंतु युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी ड्रोनच्या पाठीशी केसासारख्या काचतंतूचे रीळ लावले. पतंगाच्या मांज्यासारखा तो मैलोगणती उलगडत जातो आणि संदेश त्यातूनच जातात. जिथे रेडिओच नाही तिथे अडथळा कशात आणणार?

दुसरा उपाय लेसरचा. १३ एप्रिल २०२५ रोजी आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने कर्नूल येथे ३० किलोवॉटच्या लेसरने ड्रोन जाळून दाखवले. गोळा लागत नाही, वीज तेवढी लागते. पण धुके, धूळ, पाऊस आडवे आले की प्रकाशाची धार बोथट होते. आणि आमच्याकडे तर पाऊस चार महिने मुक्कामाला!

तिसरा उपाय छोट्या अग्निबाणांचा. नागपूरच्या सोलर कंपनीने केलेले 'भार्गवास्त्र' १३ मे २०२५ रोजी ओडिशातल्या गोपाळपूरला तपासले गेले. ते अडीच किलोमीटरपर्यंतची ड्रोन लहान लहान अग्निबाणांनी पाडते. झुंडीला झुंडीनेच उत्तर द्यायचे, असा त्यामागचा विचार.

गणित रुपयांचे

आता गृहिणींना चटकन कळेल असा मुद्दा सांगतो. युक्रेनवर येणाऱ्या शाहेद जातीच्या एका ड्रोनची किंमत सामान्यतः वीस ते पन्नास हजार डॉलर धरतात. तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांची ड्रोन पाडायला अमेरिकी युद्धनौकांनी जी क्षेपणास्त्रे वापरली, त्यांतली काही वीस लाख डॉलरच्या घरातली होती. म्हणजे भाजीतली अळी मारायला सोन्याची सुई! ड्रोन पडले, तरी खजिना कोणाचा रिकामा होतो ते पाहा. शिवाय युद्धनौकेवरची क्षेपणास्त्रे मोजकी. ती संपली की भरायला बंदर गाठावे लागते. एवढे असूनही दोनशे माणसांची नौका वाचवायची म्हटल्यावर कप्तान पैशाचा हिशेब करीत बसत नाही, आणि बसूही नये. पण राष्ट्राला तो करावाच लागतो. म्हणूनच जगभर आता स्वस्त मारा, जुन्या तोफा, साधी बंदूकसुद्धा, यांना पुन्हा मान आला आहे.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. पाडलेले ड्रोन नाहीसे होत नाही. ते खाली पडते. पंजाबात फिरोजपूर जिल्ह्यात ९ मे २०२५ च्या रात्री एका खेड्यातल्या घरावर ड्रोन पडून एका कुटुंबातले तिघे भाजले. त्यांतली गृहिणी पुढे दगावली. आपण घरात दूरदर्शनपुढे बसून "पाडले, पाडले!" म्हणत होतो, त्याच सुमारास त्या घरात काय चालले असेल, याचा विचार मनात आला की टाळी वाजवायला उचललेला हात खाली येतो.

तट होता, तरी

हे सारे ऐकून निराश व्हावे काय? त्या दिवशी मी किल्ल्यात एकटाच मागे राहिलो आणि तटाकडे पाहत बसलो.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली. पुढे त्यांनी हा तट बांधला. तिन्ही बाजूंना समुद्र आणि खाडी, वर तोफा, आत पाण्याची आणि दाणागोट्याची सोय. दोनशे वर्षे तो तट अजिंक्य वाटला. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वेढा घातला. तटाच्या उंचीशी झुंजत बसण्याऐवजी मराठ्यांनी जमिनीच्या बाजूने मोर्चे पुढे सरकवले, जमिनीखालून सुरुंग खणले आणि दारू ठासून बुरूज उडवले. सुरुंग काही वेळेवर उडाले नाहीत, काही आपल्याच माणसांच्या जिवावर बेतले. तरी मे महिन्यात किल्ला पडला. पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा आजही महाराष्ट्रातल्या कितीतरी देवळांत वाजतात.

तट वाईट होता काय? मुळीच नाही. तो समोरून येणाऱ्यासाठी बांधला होता. शत्रू खालून आला. आज शत्रू वरून येतो, तोही मुंगीच्या पावलांनी. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियात अबकैक येथील तेलकेंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे अशीच खालून सरपटत आली आणि दिवसाला ५७ लाख पिंपांचे उत्पादन थांबले. १ जून २०२५ रोजी युक्रेनने तर मालमोटारींत लपवून नेलेली ११७ ड्रोन रशियाच्या विमानतळांच्या दारातच उडवली. सीमेवरच्या रडारला बिचाऱ्याला काय दिसणार? शत्रू सीमा ओलांडून सडकेने आला होता.

पण इतिहास दुसरीही बाजू सांगतो. १९४४ च्या जूनपासून जर्मनीने लंडनवर व्ही-१ हे वैमानिकाविना उडणारे बाँब सोडले. सुमारे २,४०० लंडनवर पडले. हजारोंचे प्राण गेले. आरंभी इंग्रज गोंधळले. मग त्यांनी तोफा शहराभोवतून उचलून समुद्रकिनाऱ्यावर नेल्या, त्यांना रडारची जोड दिली आणि लक्ष्याजवळ जाताच आपोआप फुटणारे गोळे दिले. ऑगस्टच्या अखेरीस एके दिवशी नव्वदांहून अधिक बाँब आले. लंडनला पोचले फक्त चार. शास्त्राने, शिस्तीने आणि जागा बदलण्याच्या अकलेने एवढे साधले. पण ते चार पोचलेच! हवाई संरक्षणाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या एका दिवसात दिसतात.

आपल्या पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२५ रोजी 'सुदर्शन चक्र' ही योजना जाहीर केली. २०३५ पर्यंत देशातील महत्त्वाच्या जागांना संरक्षणाचे कवच द्यायचे, असा तिचा संकल्प आहे. ते काम जरूर व्हावे. पण ते झाले म्हणजे आपण पाय पसरून झोपायला मोकळे, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये.

कौले आणि पातेले

परवा सुभेदार आमच्याकडे फराळाला आले होते. सूनबाईंनी त्यांच्यापुढे करंज्या ठेवल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "बाबा, माझे उत्तर अजून राहिले आहे."

मुलगा रजेवर घरी आला आहे. किती तरी वर्षांनी त्याने स्वतःच्या हाताने आकाशकंदील टांगला. तुळशीचे लग्न झाले की तो पुन्हा जहाजावर जाणार. तांबड्या समुद्राच्या भीतीने मध्यंतरी कित्येक जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात होती. दहा-बारा दिवस जास्त लागत. तो म्हणतो, "आमच्याजवळ चाच्यांसाठी काटेरी तारा आणि पाण्याचे बंब असतात. आकाशातून आले, तर आत जाऊन दारे लावून घ्यायची, एवढेच!" २०२४ च्या जानेवारीत 'मार्लिन लुआंडा' हे तेलवाहू जहाज क्षेपणास्त्राने पेटले, तेव्हा बावीस भारतीय त्यावर होते आणि आपल्या 'विशाखापट्टणम' युद्धनौकेच्या जवानांनी त्या जहाजावर उतरून आग विझवायला हात दिला. ती युद्धनौका आपल्या मुंबईच्या माझगावातच बांधलेली. ते सांगताना मुलाचा आवाज जरा ओला झाला होता.

मी सुभेदारांकडे पाहिले. त्यांनी तोंडातली करंजी संपवली, पाणी प्यायले आणि वर बोट दाखवले. आमचे घर जुने, कौलारू आहे.

"बाई, ही कौले दर वर्षी आगोटीला शाकारता ना?"

"हो."

"तरी पहिल्या पावसात गळतेच ना कोठेतरी?"

"गळते की. देवघराच्या कोपऱ्यात."

"म्हणून कोणी कौले काढून टाकतो काय? नाही. आणि शाकारले म्हणून तुम्ही पातेले अडगळीत टाकता काय? तेही नाही. हवाई संरक्षण म्हणजे कौले. शाकारणी दर वर्षी नवी. आणि थेंब कोठे तरी टपकणार, हे धरून ज्याने त्याने आपापले पातेले जवळ ठेवायचे."

पातेले म्हणजे काय, हे मी माझ्यापुरते लिहून ठेवले आहे. एकाच जागी सगळे न ठेवणे. वीज, पाणी, तेल, दवाखाना यांची दुसरी सोय असणे. भोंगा वाजला की गच्चीवर फोटो काढायला न धावता खाली येणे. पडलेल्या वस्तूला हात न लावता पोलिसांना कळवणे. आणि ऐकलेली अफवा पुढे न ढकलणे. १९७१ साली वडील जे काळे कागद चिकटवीत होते, त्यांची आजची आवृत्ती ही. आणि सर्वांत मोठे पातेले राज्यकर्त्यांच्या हाती आहे. ते म्हणजे जिथे युद्ध टाळता येते तिथे ते टाळण्याचे शहाणपण. कारण न उडालेले ड्रोन पाडायला काहीच खर्च येत नाही.

सूनबाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अडवता येते, पण सगळे, दर वेळी, सगळीकडे नाही. असेच ना?"

"असेच," मी म्हणालो. जे वाक्य शोधायला मला दोन वर्षे लागली, ते तिने एका दमात सांगितले.

ती उठली, नवऱ्याच्या बॅगेत ठेवायच्या चिवड्याचा डबा भरू लागली आणि पाठमोरीच म्हणाली, "पोचलास की रोज एक शब्द पाठवीत जा. 'सुखरूप' एवढाच. माझे पातेले तेच."

बाहेर अंगणात नातवाने बाण लावला. तो सुर्रकन वर गेला आणि आमच्या कौलांवरून पलीकडे कोठेतरी विझला. आकाशकंदील मात्र वाऱ्यावर हलत जागच्या जागी जळत होता.